पाचवा नारळ

"चार नारळ. मोजून चार. हा पाचवा मी उचलला."

"ठेव खाली."

"आये, मी चेष्टा करत नाहीये."

"मग मी काय नमनात सोंग काढत्येय? ठेव म्हटलं ना!"

नितेशने नारळ ठेवला नाही. शेंडीला धरून तो तसाच घरापुढच्या खळ्यात उभा राहिला. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, ठाण्यात दोन खोल्यांचा धनी, पण आईसमोर नारळ धरून उभा असताना दहावीला नापास झाल्यासारखा दिसत होता. सगुणाने सुपातल्या तांदळावरची नजर काढली नाही. खडे वेचता वेचताच ती म्हणाली,

"ऐंशीच्या वर शिमगे झाले त्या नारळाला. तू चार दिवसांच्या रजेवर येऊन बंद करणार?"

"मेलेल्या माणसाचा नारळ आहे तो!"

"हळू बोल. उद्या पालखी यायचीय दारात."

पावसच्या अलीकडच्या त्या गावात शिमग्याला ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. प्रत्येकाच्या खळ्यात टेकते, बाया ओटी भरतात आणि गावाचा मानकरी भागोजी देवीपुढे हात जोडून गाऱ्हाणं घालतो. त्यात एक रीत अशी, की घरातलं जे माणूस पोटासाठी परगावी आहे त्याच्या नावाचा एकेक नारळ वेगळा मांडायचा. ह्याला विसरू नको, वाट चुकला तर वळवून आण, एवढंच देवीला सांगणं. जित्या माणसाचा नारळ तो. सगुणाच्या घरी एक घराचा, एक बागेचा, एक नितेशचा, एक बोटीवर असलेल्या त्याच्या धाकट्या भावाचा. आणि पाचवा गंगारामाचा.

गंगाराम म्हणजे नितेशच्या आजोबांचा थोरला भाऊ. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात भरती झाला आणि ब्रह्मदेशाकडे गेला तो गेलाच. लहानपणी आंब्यावर पोपट बसले की हा गोफणीने दगड नेमका त्यांच्या शेजारच्या पानावर मारायचा. पक्षी उडायचा, फळ शाबूत. तो नेम बघून त्याला बाँब टाकणाऱ्या विमानात बंदुकीवर बसवला, असं घरात सांगत.

नितेशने खिशातून मोबाइल काढून आईच्या सुपावर धरला. परदेशातल्या कुठल्या स्मारकाची पांढरी भिंत, भिंतीवर नावांच्या रांगा, आणि त्यात इंग्रजीत कोरलेलं गंगारामाचं नाव.

"ही भिंत ज्यांची मढी मिळाली नाहीत त्यांची आहे. फेब्रुवारी चव्वेचाळीस. आराकानच्या जंगलावर विमान पडलं. चालवणारा साहेब आणि मागचा गनर, दोघंही. सगळी नोंद आहे, आये. मी सहा महिने इमेल करतोय लोकांना."

"मग बरं केलंस."

"रविवारी शाळेच्या आवारात दगड बसतोय. तालुक्यातले माजी सैनिक येणार, मुलं सलामी देणार. नाव, हुद्दा, तारीख, सगळं कोरून झालंय. आणि भागोजीकाका म्हणतात, दगड बसवा, आनंद आहे, पण मग नारळ बंद. एक तर तो मेला, नाहीतर आहे. दोन्हीकडे मान मिळायचा नाही."

"भागोजी म्हणतो!"

"बरोबर म्हणतात ते."

"त्याला काय ठाऊक? तो जन्मला तेव्हा लढाई संपून सहा वर्षं झालेली."

"तुला तरी काय ठाऊक? शाळेत मला काय म्हणायचे माहित्येय? बर्मिणीचा नातू! तुझा आजोबा पलटण सोडून पळाला, तिकडे बर्मीण केलीन, चार पोरं झाली. गेल्या शिमग्याला रघूने भर पारावर विचारलं, काय रे, आजोबांचं पत्र आलं का? अख्खा पार हसला. माणूस लढाईत मेला, आये. विमानातनं पडून. आणि आपणच दर वर्षी नारळ मांडून गावाला सांगतो, की नाही हो, आहे कुठेतरी, येईल सवडीने."

सगुणाची बोटं तांदळात थांबली. रघूने विचारलेलं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"इतकी वर्षं," नितेशचा आवाज उतरला, "कशासाठी ठेवतो आपण हा नारळ? पणजीला वेड लागलं होतं म्हणतात. तसं असेल तर तसं सांग. पण कशासाठी, ते तरी सांग."

सूप बाजूला सरकवून सगुणा उठली. पदराला हात पुसले.

"विचारलंस खरं," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं थांबल्येय मी कुणी विचारील म्हणून. बस इथं. आणि तो नारळ मांडीवर घे, नाहीतर पाडशील."

*

सगुणाला ह्या पंचक्रोशीत ओळखत नाही असं माणूस नाही. आंब्याची कलमं बांधणारी सगुणा. पावसाचा पहिला महिना सरला की तिच्याकडे माणसं खेपा घालतात. कोय रुजून वर आलेला तांबूस कोंब मधोमध चिरायचा, त्यात हापूसची काडी पाचरीसारखी तासून बसवायची आणि वर पट्टी गुंडाळायची. बघायला सोपं. पण शंभर बांधली तर दुसऱ्यांची साठ जगतात, सगुणाची नव्वद. आवाज असा की समोरच्या डोंगरावरची गुरं वळून बघतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ती सुरी घेऊन रोपवाटिकेत हजर झाली. मालक म्हणाला, वैनी, चार दिवस थांबायचंत. ही म्हणाली, कोंब थांबणारेत?

बोलावणं कुणी बंद केलं नाही. फक्त भागोजीचं वेगळं. तोही तिला बोलवायचा, नाही असं नाही; पण बागेतली पहिली गाठ सुनेकडून बांधून घ्यायचा. मग म्हणायचा, "हं, वैनी, आता तुम्ही चालू करा." विधवेच्या हातची पहिली गाठ धरत नाही, ही जुनी समजूत. बारा पावसाळे सगुणा त्या बागेच्या दगडी गडग्याबाहेर पाच मिनिटं उभी राहत आली. सुनेची ती गाठ हमखास सुटायची, आणि संध्याकाळी जाता जाता सगुणाच ती गुपचूप आवळून द्यायची.

ही विद्या तिला दिली सखूने. सखू म्हणजे गंगारामाची बायको. सगुणाची थोरली सासू, नितेशची मोठी आजी.

"मोठ्या आजीच्या कपाळावर काय असायचं, आठवतं?"

"कुंकू. रुपयाएवढं," नितेश म्हणाला. "मी तेरा वर्षांचा होतो ती गेली तेव्हा. हिरव्या चुड्यात नेली तिला."

"आरशात बघून कुंकू लावायची आणि मला म्हणायची, सगुणा, ही बघ म्हातारीची सही."

"कसली सही?"

सगुणाने सांगायला सुरुवात केली, आणि सांगायला लागली की ती बसून सांगूच शकत नाही. उठली. म्हातारी झाली, मास्तर झाली, पोस्टमन झाली.

शिमग्याला तीन आठवडे होते. तार आली. शाळेतल्या मास्तरांना बोलावून वाचून घेतली. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, बेपत्ता आहे. मेला असावा असा समज आहे. गंगारामाची आई, म्हणजे म्हातारी, तेव्हा म्हातारी नव्हतीच, चाळिशीची होती. ती म्हणाली, मास्तर, परत वाचा. मास्तरांनी परत वाचली. ती म्हणाली, समज कोणाचा? सरकारचा. आणि मढं? मढं मिळालेलं नाही. मग सरकारला म्हणावं, समज तुमच्याकडे ठेवा.

"बघ, वेडच की," नितेश म्हणाला.

"ऐक. दाराआड सखू उभी होती. सतरा वर्षांची. लग्नाला दोन वर्षं, त्यात नवरा जवळ असा जेमतेम तीन महिने. बाहेर चार बाया जमल्या होत्या. एकीच्या हातात वरवंटा. कशाला, ते तुला कळणार नाही."

नितेशला कळलं. त्याने मान खाली घातली.

"बांगड्या फोडायला. म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, वरवंटा घरी न्या, चटणी वाटा. माझा पोर परगावी आहे. आणि त्या शिमग्याला पालखी दारात टेकली, तर हिने सगळ्यांदेखत गंगारामाच्या नावाचा नारळ मांडला. मानकरी तेव्हा भागोजीचा आजा. त्याने नारळाकडे बघितलं, दारातल्या सखूकडे बघितलं, आणि गाऱ्हाण्यात नाव घेतलं. एकदा देवीपुढे नाव परगावच्यांत गेलं की गावातली कोणती बाई वरवंटा घेऊन येणार?"

खळ्यात कोंबडी शिरली होती. तिला हाकलायचं दोघांनाही सुचलं नाही.

"दुसरा कागद आला साल उलटल्यावर. मेला म्हणून पक्का. बरोबर पेन्शनचा फॉर्म. मास्तरांनी विधवा शब्द वाचला, तसा म्हातारीने फॉर्म घेतला आणि शेगडीत घातला. बर्मिणीची गोष्ट कुणी उठवली ठाऊक नाही, पण म्हातारीने ती मोडली नाही. एवढी वर्षं माणूस येत नाही म्हटल्यावर लोकांना काहीतरी कारण लागतंच. लेकाचं नाव गेलं तर जाऊ दे म्हणाली."

"म्हणजे पणजीला माहीत होतं."

"मी लग्न होऊन आले ती अठ्ठ्याहत्तर साली. समुद्राकाठचं घर, आणि म्हातारी मासळीला शिवत नाही. मला वाटलं नवस असेल, लेक परत यावा म्हणून. गावालाही तसंच वाटायचं. मरायच्या आधी मी तिला म्हटलं, आजी, आता तरी दोन घास बांगड्याचे खा. तर म्हणाली, सुतक आहे गो माझं. सदतीस वर्षांचं. ती पोर घरात हिंडत होती, तिच्यासमोर रडायचं कुठं?"

नितेशने मांडीवरचा नारळ घट्ट धरला होता. मग त्याने मोबाइल उचलला.

"कुणाला लावतोयस?"

"दगडवाल्याला. तारीख काढून टाकायला सांगतो. नाहीतर दगडच नको. रविवारी तारीख वाचली की दुसऱ्या मिनिटाला लोक हिशोब करतील, मग सखूबाय कुंकू कसलं लावत होती. अविधवा नवमीला तिचं पान वाढतो आपण. अहेव गेली म्हणून."

"ठेव तो फोन."

"आये, अगो आत्ताच तू–"

"तू विचारलंस म्हणून सांगितलं. दगड थांबव म्हणाले का मी?"

सगुणा पायरीवर बसली. आता तिचा आवाज खाली आला होता, पण डळमळला नव्हता.

"भेटकलमं, म्हणजे कुंडीतलं रोप वरच्या फांदीला जोडायचं, ती बांधायला आम्ही दोघी झाडाला मचाण बांधून बसायचो. तेव्हा ती त्याचं सांगायची. दिवाळीला रजेवर आला होता. हिने विचारलं, विमानात तुम्ही करता काय? तर घडवंचीवर हिला पाठीला पाठ लावून बसवलंन. म्हणाला, पुढे तोंड करून साहेब चालवतो, मी मागे तोंड करून बसतो. कुणी मागून आला तर बघायला. मग विमान बाँब टाकायला सूर मारतं, नाक खाली, शेपूट वर. साहेबाला दिसते जमीन. मला दिसतं नुसतं आभाळ. असं म्हणाला आणि घडवंची उपडी केलीन. दोघं शेणसड्यात. म्हातारी आतून ओरडली, मेल्यांनो, हाडं मोडाल! सखू हे सांगताना मचाणावर इतकी हसायची की मला फांदी धरावी लागे."

सगुणाही हसली. मग म्हणाली,

"मरेपर्यंत ही गोष्ट तिने माझ्याशिवाय कुणाला सांगितली नाही. परगावी असलेल्या नवऱ्याची आठवण काढून हसायचं कसं? मरताना म्हणाली, म्हातारीने मला वाचवलीन, पण त्याच्यासाठी मला एक हुंदका काही देता आला नाही. माझ्यामागे कुणी विचारलं तर खरं सांग. आता माझं कोण काय काढून घेणार?"

"मग उद्या नारळ नाही मांडायचा?"

"पाच मांडायचे."

"काका घेणार नाहीत."

"ते मी बघते. तू तांदूळ निवड. मला आंघोळीला उशीर झाला."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला ढोल जवळ आले. पालखी खळ्यात नाचली, टेकली. सगुणाने पालखी धरणाऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं, ओटी भरली. पाटावर पाच नारळ ओळीने मांडलेले. गाव उन्हात घामाघूम होऊन दाटीवाटीने उभं. रघूही होता, गडग्यावर चढून बसलेला.

भागोजी चौऱ्याहत्तरीचा, फेटा बांधलेला, काठी हातात. माणूस वाईट नाही. अडल्यानडल्याला पहिला धावणारा. पण रीत म्हटली की त्याची मान ताठ व्हायची. त्याने नारळ मोजले आणि काठी जमिनीला टेकली.

"वैनी, हे पाच?"

"पाच."

"काल नितेशला मी काय सांगितलं होतं?"

"सांगितलंत ते पोचलं. आधी गाऱ्हाणं घाला. नाहीतर असं करा, आज माझ्या घरचं गाऱ्हाणं मी घालते."

गर्दीत खसखस पिकली. बाईने गाऱ्हाणं घातल्याचं कुणी बघितलं नव्हतं. घालू नये असंही कुणी कधी म्हटलं नव्हतं, कारण प्रसंगच आला नव्हता. भागोजी तोंड उघडेपर्यंत सगुणा पदर खोचून पालखीसमोर उभी राहिलीसुद्धा.

"बा देवी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सवयीने गाव ओरडलं. ढोलावर थाप पडली.

"ह्या घरचा गंगाराम लढाईवर गेला होता म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तो पळाला नाही, त्याने बर्मीण केली नाही. चव्वेचाळीस साली, आराकानच्या जंगलावर, विमानात बंदूक धरून बसल्या जागी मेला, म्हाराजा!"

"होय म्ह..." अर्धी माणसं मध्येच थांबली, अर्धी ओरडून मोकळी झाली. रघू गडग्यावरून खाली उतरला.

"त्याची आई जाणून होती, बायको जाणून होती, तुझा तेव्हाचा मानकरी जाणून होता. सतरा वर्षांच्या पोरीच्या बांगड्या राहाव्यात म्हणून तिघांनी तुझ्यापुढे नारळ मांडला. खोटं बोलले असतील तर ते माझ्या पदरात घाल. आणि रविवारी ह्या घरचा दगड बसतोय त्याला सगळं गाव येऊ दे, म्हाराजा!"

ह्या वेळी पहिला आवाज नितेशचा होता. घोगरा, एकटा. "होय म्हाराजा." त्याच्यामागून बाया, आणि मग सगळेच. असा कल्ला झाला की आवारातल्या फणसावरचे कावळे उडाले.

भागोजी काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होता. आपल्या आज्याचं नाव निघालं तेव्हा त्याने एकदा डोळे मिटले होते. त्याने घसा साफ केला.

"बरं झालं, खरं कळलं. रविवारी पहिला हार माझा." मग त्याने वाकून पाचवा नारळ उचलला. "पण आता हा परत घ्या, वैनी. मेलेल्याचा नारळ जित्यांच्या रांगेत नको."

"तो गंगारामाचा नाहीच आहे."

"मग कोणाचा?"

"माझा."

"तुम्ही घरीच तर आहात. परगावच्यांचा असतो तो."

"बारा वर्षं तुमच्या बागेत पहिली गाठ बांधताना मी कुठे असते, भागोजीदादा? गडग्याबाहेर. परगावीच म्हणायची की."

भागोजीची सून पुढेच उभी होती. तिने चटकन पदर तोंडाला लावला. पण खांदे हलत होते.

"त्याचं इथे काय?" भागोजी म्हणाला. "रीत आहे ती. चांगल्या कामाला सवाष्णीचा हात लागतो."

"तुमच्या वरच्या कातळावरची बाग. साठ कलमं. कोणाच्या हातची?"

भागोजीचं तोंड आपोआप उघडलं. हे वाक्य तो मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ऐकवायचा. "सखूकाकीच्या हातची. सवाष्णीच्या–"

तो तिथेच थांबला.

गर्दीही थांबली. ढोलवाल्याने काठी काखेत धरली. वरच्या कातळाचा आंबा सगळ्यांनी खाल्लेला होता. भागोजीच्या मुलींची लग्नं त्या बागेवर झाली होती, घरावर स्लॅब तिच्यावरच पडला होता.

"पासष्ट साली बांधलीन तिने ती," सगुणा म्हणाली. आवाज चढवला नाही, चढवायची गरज नव्हती. "तेव्हा नवरा जाऊन एकवीस वर्षं झाली होती. पहिली गाठसुद्धा तिचीच. साठातलं एक तरी कलम मेलं का दादा?"

भागोजीने नारळाकडे बघितलं. मग पालखीकडे. मग सगुणाच्या हातांकडे, सुरीच्या वळांनी आणि चिकाच्या डागांनी काळ्या पडलेल्या.

"येत्या पावसात खालच्या मळ्यात नवीन बाग घालताय म्हणे," ती म्हणाली. "पहिली गाठ कोण बांधणार?"

कुणीतरी मागून हलकेच म्हणालं, "सांगा की काका." भागोजीने काठी उचलली. पालखीला पाठ होणार नाही अशा बेताने चार पावलं मागे सरकला, वळला, आणि खळ्याच्या पायऱ्या उतरून वाटेला लागला. पोरांनी घाईघाईने पालखी खांद्यावर घेतली, ढोल वाजले, गाव त्याच्यामागून निघालं.

"काहीच बोलले नाहीत," नितेश म्हणाला.

सगुणा पाटाकडे बघत होती. पाटावर चार नारळ होते. पाचवा भागोजीच्या हातातच राहिला होता, आणि दूर वळणावर तो अजूनही त्याला छातीशी धरून चालला होता.